बिडाची कढई परत पाठवण्याबाबत

राजापेठ, अमरावती
१६ जून २०२५

मोनाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले असं समज. मनापासूनचे हवे असतील तर आधी कढई परत पाठव.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आई, हो आई" करतेस आणि मग फोन बंद पडतो. रेंज गेली म्हणतेस. अकोल्याची रेंज नेमकी माझ्याच वाक्याच्या मध्यावर कशी जाते ते मला एकदा समजावून सांग. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आता ते सुनेवर वापरायची वेळ आली. आपल्या शेजारचा देवमन अकोल्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती हे पाठवते आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे. त्याने आधीच तोंड वाकडं केलंय, "काकू, मी कंडक्टर हाय का पोस्टमन?" म्हणतो. त्याला चहा पाज.

आता विषयाचं. मी दोन दिवस मोझरीला आश्रमात गेले होते. परत आले तर घरात तू नाहीस आणि माळ्यावर कढई नाही. तू गेलीस हे मी एक वेळ समजू शकते. नवरा-बायकोत होतं. शुभम तापट आहे, बापावर गेलाय. जेवताना एखादं ताट भिरकावलं असेल त्याने, पण त्याच्या मनात काही नसतं. तू पातूरला माहेरी जाशील आणि आठ दिवसांत रुसवा उतरेल, असं मी धरून चालले होते. तू अकोल्यात खोली केलीस. बरं, तेही सोड. पण साड्या इथे, शिलाई मशीन इथे, लग्नातला कुकर इथे, आणि ती दहा किलोची बिडाची कढई तेवढी घेऊन गेलीस! एखादी शहाणी बाई घर सोडताना दागिने नेते गं.

तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण तुला सांगितलेलं राहत नाही. ती कढई माझ्या सासूबाईंची, माणिकबाईंची. त्यांना त्यांच्या सासूने दिली. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा, त्या करंज्या, साटोऱ्या, पिठाच्या वेण्या-फण्या, सगळं त्याच कढईत तळायचं आणि घरच्या सुनेने तळायचं, ही आपली रीत. तुझे सासरे गेल्यापासून मी पूजेला बसत नाही. म्हणजे सून नाही तर फुलोरा नाही, आणि कढई नाही तर सून असून उपयोग नाही. या वर्षी महालक्ष्म्या एकतीस ऑगस्टला बसतात. त्याच्या आत तुम्ही दोघी घरी या. तू आणि कढई.

तोवर तिचे हाल करू नकोस. साबण लावायचा नाही. तापलेल्या कढईत गार पाणी ओतायचं नाही, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वाकत नाही, सरळ तडकतं. कढी, चिंचेची आमटी, टमाटे असलं आंबट काही तिच्यात शिजवायचं नाही. भाजी तिच्यातच रात्रभर ठेवायची नाही, हे तर तुला लिहूनच द्यायला हवं. धुतली की लगेच गॅसवर ठेवून कोरडी करायची आणि जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. बोट म्हणजे बोट, पळी नव्हे. तेल जास्त झालं की ती चिकट होते आणि मग तिच्यावर गावभरची धूळ बसते.

उत्तराची वाट पाहते.

श्रीमती मैना इंगोले
(सेवानिवृत्त शिक्षिका)


राजापेठ, अमरावती
७ जुलै २०२५

मोनाली,

तुझी चिठ्ठी मिळाली. सासूने दोन पानं लिहावीत आणि सुनेने तीन ओळी! "आई, कढई बरी आहे. मीपण बरी आहे. कढईत आलुबोंडे तळून ट्यूशनच्या पोरांना विकते, चार पाठवले आहेत, खाऊन सांगा." बस? कढईची खुशाली आधी आणि स्वतःची मागून, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

मोनाली, डोकं ठिकाणावर आहे का? महालक्ष्म्यांची कढई! जिच्यात मी कधी कांदा पडू दिला नाही, त्या कढईत तू रस्त्यावर बसून लसूण-मिरचीचे आलुबोंडे तळतेस? देवमनला विचारलं तर तो म्हणाला, "रस्त्यावर नाही काकू, अफिफाबाईच्या ओट्यावर." अफिफाबाई कोण म्हटलं, तर तुझी घरमालकीण, आणि ती तुला बटाटे सोलू लागते. वा. म्हणजे माझी सून, माझी कढई, आणि बटाटे सोलायला अफिफाबाई. मला तेवढं कुणी विचारलं नाही.

आलुबोंडे खाल्ले. पहिला परीक्षा म्हणून खाल्ला, दुसरा खात्री करायला. उरलेले दोन शुभमसाठी ठेवले होते, पण तो उशिरा आला आणि तेल लागलेला कागद पाहूनच चिडला, म्हणून तेही मीच खाल्ले. मीठ कमी आहे. बटाटा अजून मऊ हवा. पण आवरण खाली कुठेही करपलेलं नव्हतं आणि तळ सोलवटलेला नव्हता. म्हणजे कढई धरत नाही, सोडते. मला ते एका घासात कळलं. देवमन तर म्हणतो, काळी कुळकुळीत झाली आहे, आत वाकलं तर तोंड दिसतं.

आता खरं सांगायचं तर मला याचाच राग आला. मी तिला जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायची, महालक्ष्म्यांना काढायची, पुन्हा गुंडाळायची. दर वर्षी पहिल्या घाण्याच्या करंज्या चिकटायच्या आणि त्या मी गुपचूप गाईला घालायची. सासूबाईंच्या हातात ती कधी चिकटली नाही, कारण त्या तिच्यात रोज काही ना काही तळायच्या. बिडाला रोजचं तेल आणि रोजचा विस्तव लागतो. हे मला ठाऊक असून मी केलं नाही आणि तू ठाऊक नसताना करून बसलीस. चीड येणार नाही तर काय होईल?

पण याचा अर्थ कढई तुझी झाली असा घेऊ नकोस. आलुबोंडे बंद कर आणि घरी ये. शुभम हल्ली शांत असतो. घरात दोघंच असतो, भांडायला तिसरं कुणी नाही, म्हणूनही असेल.

एक विचारायचं राहिलं. शेंगदाण्याचं तेल वापरतेस की सोयाबीनचं? सोयाबीनचं असेल तर चिकटा कडेला जमतो, तो जाड मिठाने आणि सुक्या फडक्याने काढ. तारेची घासणी हातात घेतलीस तर माझ्याशी गाठ आहे.

मैना इंगोले


राजापेठ, अमरावती
९ ऑगस्ट २०२५

मोनाली,

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं. रात्री काढून परत वाचलं. तू असं लिहावंस हे मला आवडलेलं नाही.

तू म्हणतेस, कढई तू चोरली नाहीस. त्या दिवशी जेवताना शब्दाला शब्द लागला, शुभम उठला, ओट्यावर घासायला काढलेली कढई त्याने दोन्ही कानांना धरून डोक्यावर उचलली आणि तुझ्याकडे वळला, तेवढ्यात कुणीतरी बेल वाजवली म्हणून त्याने ती खाली ठेवली. "आई, बीड फुटतं असं तुम्हीच शिकवलं होतं. ती फुटली असती किंवा मी. म्हणून दोघी निघालो." असं तुझं वाक्य आहे. छान आहे. निबंधात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शुभमला मी विचारलं. तो म्हणाला, "खोटं बोलून राहिली ते. मी ते कढई माळ्यावर ठेवाले उचलली होती." आता मी कुणाचं ऐकू? तो माझा मुलगा आहे. नऊ महिने पोटात वाढवलेला माणूस दहा किलोचं भांडं बायकोच्या डोक्यावर उचलतो, हे मी एका कागदावरून मान्य करू का? राग सगळ्यांनाच येतो. मलाही आत्ता आलाय, मी काही तुझ्या अंगावर दौत फेकली नाही.

इथे माझी काय अवस्था आहे ते ऐक. माझे दीर भगवंतराव दर दोन दिवसांनी येऊन बसतात. म्हणतात, "वहिनी, तुमची सून गेली, आता महालक्ष्म्या आमच्या घरी द्या. मोडल्या घरात त्याईले कशाले बसवता?" मोडलं घर! माझ्या तोंडावर, माझाच चहा पीत! शुभम वेगळंच बोलतो. कढई दिली नाही तर पोलिसात चोरीची तक्रार करतो म्हणतो. त्याला मी कसंबसं थांबवलंय. सुनेवर कढईची चोरी! राजापेठेत मला तोंड दाखवायला जागा राहील का? आणि तुला अकोल्यात?

म्हणून मधला मार्ग काढलाय. सतरा तारखेला, रविवारी, शुभम तुझ्याकडे येईल. कढई त्याच्या हातात दे. बोलू नकोस, वाद घालू नकोस, अफिफाबाईंना सोबत उभं कर हवं तर. कढई घरी आली की त्याचा राग उतरेल, भगवंतरावांचं तोंड बंद होईल आणि पुढचं मी पाहते. महालक्ष्म्यांना तूही ये. झालं-गेलं तिथेच मिटेल. सगळ्यांचं भलं यातच आहे, आणि एवढं सोपं असून ते तुमच्यापैकी कुणालाच कसं दिसत नाही याचं मला नवल वाटतं.

देण्याआधी तिला धुऊन, तापवून, तेलाचं बोट फिरवून दे. वर्तमानपत्रात गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरून गंजते.

आई


राजापेठ, अमरावती
२८ ऑगस्ट २०२५

मोनाली,

देवमनच्या गाडीतून कढई पाठवते आहे. त्याने तिचं लगेजचं तिकीट फाडायला हवं होतं, फाडलं नाही, उलट मलाच विचारलं, "काकू, हे कढई एकदाची कुठं राहणार हाय ते ठरवा ना!" त्याचंही बरोबर आहे.

उघडून पाहशील तेव्हा बसून उघड.

तू दिलीस तेव्हा ती कशी होती हे मला देवमनकडून कळलं. तू ती धुऊन, तेल लावून, मी सांगितलं तशी वर्तमानपत्रात बांधून दिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. शुभमने ती घरी आणलीच नाही. विचारलं की म्हणायचा, "आणतो ना, थांब." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणली आणि माझ्यासमोर कागद सोडला. आत पांढरी कढई. अगदी नव्या स्टीलसारखी चमचम करणारी.

"पाय ना आई, कशी चकाचक केली! तिनं पार कोळसा करून ठेवली होती. कुलदीपच्या वर्कशॉपमधी ग्राइंडरले ब्रश लावून घासली. महालक्ष्म्याईची भांडी चकाचक पायजे ना?"

आणि त्याचं तरी काय चुकलं, असं मला घटकाभर वाटलं. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी घरातलं भांडं न् भांडं चिंचेने घासून लखलखीत करतात. लहानपणापासून त्याने तेच पाहिलं. पितळ घासतात, तांबं घासतात, मग लोखंड का नाही? पण दर वर्षी माझ्या बाजूला बसून करंज्या पळवणाऱ्या पोराला एवढंही कळू नये की या एका भांड्याला मी चिंच लावत नाही? सासूबाईंचं, त्यांच्या सासूचं, माझं, आणि शेवटी तुझ्या आलुबोंड्यांचं, सगळ्यांचं तेल जळून जळून तो काळा थर बसला होता. त्याने तो मित्राच्या, कुलदीपच्या, कारखान्यात गेटाच्या गजांबरोबर खरवडून टाकला. तेही कौतुकाने. मी डोक्याला हात लावला.

तरी काल गणपती बसले आणि संध्याकाळी मी ती चढवून पाहिली. हाताने जमेल तेवढं तेल मुरवलं होतं. पहिली करंजी टाकली, ती तळाला धरली. झाऱ्याने सोडवायला गेले तर फुटली आणि सारण तेलात. दुसरी, तिसरी तशीच. घरभर गुळाचा धूर. मी बोलले. नाही कशाला म्हणू, खूप बोलले. म्हटलं, तिने दोन महिन्यांत जी कढई जिवंत केली ती तू तीन घंट्यांत मारलीस.

तुझं नाव निघालं आणि त्याचा चेहरा बदलला. "तुले मी काही केलं तरी पटत नाही. ते पळून गेली तरी तिचंच बरोबर! काहून? सांग ना, काहून?" असं ओरडत तो आला, तापलेल्या तेलाची कढई असती तर काय झालं असतं देव जाणे, मी ती नुकतीच मोरीत ओतून रिकामी केली होती. त्याने ती फडक्यासकट दोन्ही कानांना धरली आणि डोक्यावर उचलली.

मोनाली, तू लिहिलं होतंस तसंच. तसेच दोन्ही हात, तसाच वळलेला. मी पातेल्यांच्या मांडणीला पाठ लावून उभी होते आणि माझ्या मुलाच्या चेहऱ्यात मला माझा मुलगा दिसत नव्हता. मला भीती वाटली. मी त्याची आई आहे आणि मला त्याची भीती वाटली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "ठेव खाली." त्याने ठेवली. मी आई होते म्हणून ठेवली. तुझ्या वेळी बेल वाजली म्हणून ठेवली होती. रोज कोण बेल वाजवायला येणार?

मग तो बाहेर गेला. रात्री आला तेव्हा जसं काही झालंच नाही असं म्हणाला, "आई, कढईचं काय ते मी पोलिसात लिहून देतो, तिनं नेली म्हणूनच खराब झाली." मी त्याला सांगितलं, "खुशाल दे. मी पण येते सोबत आणि सांगते की कढई मी तिला दिली. सासूने सुनेला द्यायची असते, ती दिली. आणि तू आज संध्याकाळी काय केलंस तेही सांगते." दिली होती का मी, असं तू विचारशील. दिली. काल रात्री दिली. तारखेचा घोळ मी पाहून घेईन.

भगवंतराव सकाळी आलेच. म्हणाले, मग महालक्ष्म्या आमच्याकडे. मी म्हटलं, नाही, त्या सुनेकडे जातात. माझी सून अकोल्याला असते. "नवऱ्याले सोडून गेलेली बाई कसली सून?" असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांचा कप उचलला. अर्धा चहा होता त्यात. खूप बरं वाटलं.

आता कामाचं ऐक, वेळ नाही. कढई फार गुळगुळीत झाली आहे, अशीच तेल लावलंस तर तेलाचा थर बसणार नाही. बारीक वाळूने आतून हलके हात फिरव, चमक गेली की पुरे. गरम पाण्याने धुऊन लगेच विस्तवावर कोरडी कर, आता ती उघडी आहे, बघता बघता गंज धरते. मग जवसाचं तेल लाव आणि लावलंच नव्हतं असं समजून सगळं पुसून काढ. धूर येऊन बंद होईस्तोवर तापव, आपोआप गार होऊ दे, परत तेल, परत विस्तव. आधी तपकिरी होईल, घाबरू नकोस. काळी व्हायला लागली की बटाट्याची सालं आणि मीठ घालून परतून घे, आणि मग तुझे आलुबोंडे तळ. हो, तेच तळ. कांदा-लसणाचं मी महालक्ष्म्यांना समजावून सांगेन, त्याही बायकाच आहेत.

तरी पहिला घाणा चिकटेल. रडत बसू नकोस, गाईला घाल. अकोल्यात गाय नसेल तर देवमनला घाल.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते. मुखवटे माझ्या मांडीवर असतील, साड्या आणि हळदकुंकू पिशवीत. अफिफाबाईंना विचार, त्यांच्या घरात महालक्ष्म्या बसलेल्या चालतील का. त्यांना चालत नसेल तर दुसरी जागा पाहू, त्यांच्यावर जुलूम नको. चालत असेल तर त्यांना सांग, सारण त्यांनी ढवळावं, एवढं सारण ढवळायला माझा हात आता पुरत नाही, मी गूळ किसून देईन. आणि तुला मीच नको असेन, तर तेही देवमनला सांगून ठेव. मी स्टँडवर उतरणार नाही, त्याच गाडीने परत फिरेन आणि तुला दोष देणार नाही. पहिल्या पत्रापासून मी तुला काय काय लिहिलं ते मला पाठ आहे.

शुभम माझा मुलगा आहे, त्याला मी टाकणार नाही. त्याला डॉक्टरकडे न्यायचं की वकिलाकडे की दोन्हीकडे, ते मी आणि तो पाहू. ते तुझं काम नाही. ते तुझं काम आहे असं मी आजवर धरून चालले होते.

यापुढे मी कढई परत मागणार नाही. आणि तुला परत ये असंही म्हणणार नाही.

तुझी सासू,
मैना